फोंडा घाट, कसाल आणि आमच्या मोटारीचे ब्रेक

कोल्हापुरातून आम्ही पहाटे साडेपाचला निघायचं ठरवलं होतं, म्हणजे साडेसातला निघालो. मोटार दारात उभी होती आणि हे तिच्याभोवती हातात फडकं घेऊन प्रदक्षिणा घालत होते. माझ्या धाकट्या बहिणीचं, शालूचं, दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणला लग्न होतं. सासूबाई मागच्या बाकावर, मी पुढे ह्यांच्या डावीकडे आणि टपावर शालूच्या रुखवताची ट्रंक.

मोटार नवी नव्हती. एका डॉक्टरांनी दहा वर्षं दामटून विकली होती आणि ह्यांनी ती मोठ्या आनंदाने घेतली होती. आदल्या आठवड्यात गॅरेजचा फिटर घरी येऊन स्वच्छ सांगून गेला होता, "सर, घाट उतरायच्या आधी ब्रेकचे लायनर बदला. संपलेत." हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. घर्षणावर तर ह्यांचं व्याख्यान दर वर्षी होतं, आणि मुलं ते लिहून घेतात. त्यामुळे फिटरचं ह्यांनी ऐकलं नाही. "अजून पाच हजार मैल जातील," म्हणाले. कशावरून, ते विचारायचं नसतं.

राधानगरीपर्यंत सगळं ठीक होतं. रस्त्यात ह्यांनी मला जंगलातल्या झाडांची नावं सांगितली, त्यातली निम्मी चुकीची. दाजीपूर मागे टाकून फोंडा घाटाच्या तोंडाशी आलो आणि ह्यांनी इंजिन बंद केलं.

"अहो, हे काय?"

"उतार आहे. पेट्रोल कशाला जाळायचं? गाडी आपोआप उतरते."

आपोआप उतरते, हे खरं होतं. दगडही आपोआप उतरतो. वळण आलं की हे ब्रेकवर उभे राहायचे, वळण गेलं की सोडायचे, आणि त्या घाटात वळणं किती आहेत ते उतरलेल्यालाच ठाऊक. अर्ध्या वाटेवर करपल्यासारखा वास यायला लागला.

"कसला हो वास?"

"कुठेतरी डांबर तापवत असतील."

डांबर कुठे दिसलं नाही. डावीकडे दरी होती आणि उजवीकडे करवंदीच्या जाळ्या. सासूबाई मागे जपमाळ ओढत होत्या, आणि त्यांचा वेग आमच्या गाडीपेक्षा थोडासाच कमी होता.

घाट उतरल्यावर वास थांबला आणि आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की मागच्या चाकातून पत्र्यावर कानस फिरवल्यासारखा घर्र आवाज. कणकवलीत आम्ही चहा घेतला तेव्हा हे म्हणाले, "ब्रेक थंड झाले की आवाज जाईल." कणकवलीत थंड काही होत नाही. वैशाखातली दुपार होती. हॉटेलवाल्याने घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले. ते इतके मऊ होते की मला रागावायलाही वेळ लागला.

कसाल येण्याआधी रस्ता एका टेकाडावरून खाली येतो. दोन्ही बाजूंना जांभा दगड कापून केलेल्या भिंती, कमरेच्या वर उंच. उतार संपतो तिथे बाजार. त्या दिवशी उताराच्या तळाशी गवताने भरलेली एक बैलगाडी आडवी वळत होती आणि तिच्यापलीकडे एस.टी.साठी थांबलेली माणसं. ह्यांनी ब्रेक दाबला. पाय फळीपर्यंत गेला. पुन्हा दाबला. गाडीवर काही परिणाम झाला नाही. हँडब्रेक होता, पण तो नुसता नावाला. ओढला तर सैल दोरीसारखा हातात आला.

"धरा!" एवढंच हे ओरडले.

मग गाडी रस्ता ओलांडून उजवीकडे गेली आणि जांभ्याच्या भिंतीला घासायला लागली. तो आवाज मी अजून विसरले नाही. ह्यांच्या बाजूचा दरवाजा आत आला, आरसा उडाला, आणि बैलगाडीपासून चार हात अलीकडे आम्ही थांबलो. गाडीवान शिव्या देत होता. सासूबाईंची माळ तुटली होती. सुखरूप आहे हे कळताच मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "पाच हजार मैल झाले का?"

हे माझ्याच दाराने उतरले, कारण त्यांचं उघडत नव्हतं.

बाजारातल्या माणसांनी गाडी ढकलून बाबी मेस्त्रींच्या मांगराशी (शेतातल्या कौलारू खोपटाशी) नेली. मेस्त्री पन्नाशीचे, काटकुळे. मुंबईत मोटारींच्या कारखान्यात वीस वर्षं काढून गावी परतलेले. जेवून पडले होते. उठले, तोंड धुतलं, पान लावलं आणि मग गाडीकडे आले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस संध्याकाळपर्यंत पानच चघळणार. पण त्यांनी जॅक लावून मागचं चाक काढलं, ड्रमवर, म्हणजे ब्रेकच्या गोल लोखंडी डब्यावर, हातोडीचे चार बेताचे घाव घातले आणि ड्रम ओढून काढला. आतून काळी भुकटी सांडली.

"खंयसून इलात?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूर," हे म्हणाले.

"हेच्यावर?" त्यांनी ब्रेकशू वर धरला. लोखंडाच्या त्या कमानीवर जाड लायनर असायला हवा होता. तिथे कागदाएवढा पापुद्रा राहिला होता आणि पितळी रिवेटांची डोकी वर आली होती. "लायनर खंय आसा? रिवेटी घासतत ड्रमाक." ड्रमच्या आत बोट जाईल अशा खाचा पडल्या होत्या.

"लेथवर घालून तासता येईल ना?" ह्यांनी विचारलं.

"तासलो तर आत काय र्‍हवाचा नाय. फुटतलो. नवे होये. एकाच चाकाचो बदलून चलाचा नाय, दोन्ही बाजूंचे जोडीन. आनि लायनर चारी चाकांचे."

नवे ड्रम कोल्हापुरातून यायला दोन दिवस. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. ह्यांनी मग असं काही सुचवलं की मी ऐकून थक्क झाले. जुन्या लायनरचे तुकडे कापून तेवढ्यापुरते ठोकून द्या, मागच्या त्या चाकाची ब्रेकच्या तेलाची नळी बंद करा, उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी हळूहळू मालवणला नेतो. मोटारीतून उतरायचं होतं ना सासुरवाडीच्या मांडवात!

मेस्त्रींनी पान थुंकलं. "माझ्यान ता जावचा नाय, सायबानू."

"जबाबदारी माझी. लिहून देतो."

"लिवून घेवन मी काय करू? उद्या कोन मेलो तर तुमचो कागद वाचूक मी बसूचंय?" असं म्हणून त्यांनी दुसरं चाकही काढलं, दोन्ही ड्रम उचलले आणि घरात नेऊन ठेवले. गाडी आता दगडांवर उभी होती. हे तिच्याकडे असं बघत होते की जणू मेस्त्रींनीच तिचे ब्रेक खाल्ले.

मी मेस्त्रीणबाईंकडे पाणी मागायला वळले तेव्हा मेस्त्रींनी मला हाक मारली. "वयनीनू, जरा हंय येवा." गाडीच्या उजव्या बाजूला नेऊन त्यांनी घासलेल्या पत्र्यावरून तळहात फिरवला. दरवाजा, मागचं मडगार्ड, सगळं एका रेघेत फाटलं होतं.

"रस्त्याच्या दोन्ही बाजूंक भिंती आसत. गाडी डावीकडून येय होती. डावी भिंत हाताशी होती. ती सोडून रस्तो वलांडून हंय घातली. कित्याक?"

"ह्यांना चालवता येत नाही म्हणून."

"नाय." मेस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले. "डावीकडे तुमी बसलेलात. तुमच्या मागे म्हातारी. सायबान गाडी आपल्या अंगावर घेतली."

मी मग ह्यांच्याकडे गेले. हे पायरीवर बसले होते. शर्टाची उजवी बाही कोपरापाशी लाल झाली होती आणि ती बाजू त्यांनी माझ्यापासून लपवली होती.

"गाडी उजवीकडे का घातली?"

"डावीकडे गटार होतं."

मी तो रस्ता पाहिला होता. गटार नव्हतं. ह्या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. मेस्त्रीणबाईंकडून मी हळद आणि स्वच्छ धडपा आणला आणि कोपर बांधलं. बांधताना जरा जास्तच आवळलं असावं, कारण हे कण्हले. बरं वाटलं.

संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघं मालवणला गेलो. ट्रंक टपावर, सासूबाई खिडकीशी. माहेरी सगळ्यांनी विचारलं, "मोटार कुठाय?" हे म्हणाले, "कसालला सर्व्हिसिंगला दिली आहे." मी गप्प बसले. त्या दोन दिवसांत मी चार वेळा तरी गप्प बसले, आणि हे सासूबाईंच्याही लक्षात आलं. लग्न छान झालं. सिंधुदुर्ग किल्ला होडीतून पाहिला. होडीवाल्याला ह्यांनी भरती-ओहोटीचं कारण समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकलं आणि होडी वेळेवर परत आणली.

तिसऱ्या दिवशी कसालला परतलो तेव्हा ड्रम आले होते. कोल्हापूरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरने पायाशी ठेवून आणले होते. मेस्त्रींनी लायनर शूवर बसवून एकेक रिवेट ठोकला, कडा कानशीने उतरवल्या, ड्रम चढवले, तेल भरलं आणि ह्यांना ब्रेक दाबायला बसवलं. "दाबा. सोडा. दाबा. धरून ठेवा." तासभर. कॉलेजातल्या प्राध्यापकाने इतका वेळ दुसऱ्याचं निमूटपणे ऐकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. निघताना मेस्त्री म्हणाले, "घाट ज्या गेरार चढतास, त्याच गेरार उतराचो. इंजिन बंद करूचा नाय. ब्रेक हो आधार, चाकर नाय."

परतीला घाट चढायचाच होता. माथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबलो. शेजारी एक चकचकीत मोटार उभी होती. तिचे मालक, डोक्यावर हॅट घातलेले गृहस्थ, चहावाल्याला सांगत होते की ते इथून इंजिन बंद करून थेट फोंड्यापर्यंत जातात, थेंबभर पेट्रोल लागत नाही. गाडीत मागे बायको आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल.

मला राहवलं नाही. मी जाऊन म्हटलं, "तसं करू नका. गिअरमध्ये उतरा. ब्रेक तापतात आणि खाली लागत नाहीत."

गृहस्थांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती नजर मी ओळखते. ती माझ्या घरी असते. मग ते माझ्या डोक्यावरून ह्यांना हसून म्हणाले, "काय हो, बायकांना मोटारीतलं काय कळतं?"

हे कपबशी हातात घेऊन उभे होते. बशी खाली ठेवली. "तिला कळतं," म्हणाले. "मला कळत नव्हतं." आणि आमच्या गाडीच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवलं.

गृहस्थांची हॅट किंचित खाली आली. गाडीतल्या बाईने मूल छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याला काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर घातला आणि गाडी हळू, गुरगुरत उतरायला लागली. पहिल्या वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं पाहत राहिलो.

मालवण कसं आहे, असं मला लोक विचारतात. समुद्र आहे, किल्ला आहे, माड आहेत. पाहणाऱ्याने जाऊन पाहावं. मी ज्यासाठी तो घाट पुन्हा उतरेन ते मला परतीच्या वाटेवर, टपरीसमोर ऐकायला मिळालं. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. तेवढ्यासाठी दोन ड्रम, आठ लायनर आणि एक दरवाजा गेला. जास्त गेलं असं मी म्हणणार नाही.