पाठीला न लागलेला हात

सुखदेव गेला. आठ वर्षांचा असताना मी त्याच्याबद्दल एक खोटं बोललो होतो, ते आता कायमचं राहिलं.

आत्ताच राळेगावहून एस.टी.ने यवतमाळला परत आलो. नातीने मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवलंय, जमेल तसं लिहितो.

सुखदेव माझा तिसरीतला वर्गमित्र. पुढे तो पी.टी.चा मास्तर झाला. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या पोरांना खेळ शिकवत राहिला.

सत्तावन्न साल असावं. आमची शाळा म्हणजे एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग.

गुरुजींकडे ना ढोल, ना शिटी. म्हणून आमची कवायत कवितेवर चालायची.

मी ओट्यावर उभा राहून पुस्तकातली कविता म्हणायचो. एका ओळीला सगळ्यांचे हात वर, पुढच्या ओळीला खाली. कडवं संपलं की उडी.

मला पळता यायचं नाही. पण माझ्या आवाजावर एवढे हात वर गेले की वाटायचं, वारा मीच आहे.

सुखदेव सगळ्यांत चपळ. तरी खो-खोत त्याला खो मिळायचाच नाही. पोरं त्याच्या अलीकडच्याच पाठीवर हात मारायची.

त्याच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव नदीत सोडून आले होते. गाव त्यावर कुजबुजत होतं. शिवाशिव मात्र त्याआधीपासूनचीच.

माझी आई रोज बजावायची, "खेळ, पन त्याले हात लावू नोको. लावला त घरात याच्या आंधी आंघोळ."

शेजारच्या गावच्या शाळेशी, त्यांच्याच मैदानावर मॅच ठरली. आमचा एक पोरगा तापाने पडला, म्हणून माझी टीममध्ये भरती.

त्यांचा शेवटचा गडी उरला होता. मी धापा टाकत त्याच्या मागे. तो मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला.

मला ती रेघ ओलांडता येत नाही. पलीकडे तोंड करून बसलेला, जवळचा असा एकच. सुखदेव.

कडेला आमच्या गावातली माणसंही उभी होती. त्यांत माझे बाबा.

मी हात पुढे केला. पाठीपासून वीतभर अलीकडे थांबवला. आणि ओरडलो, "खो!"

सुखदेव उठला. तीन ढांगांत गडी बाद.

त्या गावच्या गुरुजींनी खेळ थांबवला. मला विचारलं, "काय रे, हात लागला होता काय?"

लागला म्हणावं, तर बाबा ऐकत होते. नाही म्हणावं, तर चूक माझी.

मी म्हणालो, "खो द्याच्या आंधीच उठला हा."

आमच्या गुरुजींनी माझ्यावरच विश्वास ठेवला. कविता पाठ असणारा लाडका ना मी. सुखदेवने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गडी परत आत गेला, वेळ संपली, आम्ही हरलो. सुखदेव वर्षभर टीमबाहेर.

परत येताना आम्ही पोरं बैलगाडीत, तो मागून पायी. चढावर गाडी हळू झाली तेव्हा माझ्या बाजूने आला.

"तुही माय आंघोळ घालते ना? मले माहीत हाये," म्हणाला. आणि पुढे निघून गेला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त त्याच्या शाळेवरून जात होतो. मैदानात इवलीइवली पोरं ओळीत बसलेली, आणि मधे पांढऱ्या केसांचा सुखदेव. रिटायर होऊनही रोज जायचा.

एका चिमुरडीने घाईघाईत लांबूनच खो दिला. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"हवेत नाही देत खो, बाई. पंजा टेकव. त्याले समजलं पायजे ना, आपल्यालेच बलावलं म्हनून."

मी फाटकातच थांबलो. त्याने मला पाहिलं.

"काय कवी, बाहेर काहून उभा? ये, म्हन एखादी कविता. पोरं कवायत करतीन."

मी कविता म्हटली. सगळी कडवी आठवली. इवले हात वर गेले, खाली आले.

नंतर चहा झाला. गुडघ्यांबद्दल बोललो, जुन्या गुरुजींबद्दल बोललो. बोलायचं होतं तेवढंच राहिलं. निघताना तो "जय भीम" म्हणाला. मी म्हणालो, "येतो."

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "पाय साथ देऊन नाही राह्यले आता. येऊन जा लेका."

"ऊन उतरलं की येतो," मी म्हणालो.

आज गेलो.

अंगणात पांढऱ्या चादरीवर त्याला ठेवलं होतं. त्याने खेळ शिकवलेली पोरं, आता स्वतःच पोक्त झालेली, एकेक फूल वाहत होती.

माझी पाळी आली. हात पुढे केला, आणि तो ठेवावा कुठे ते कळेना.

त्याची पाठ जमिनीला टेकलेली होती.

सुखदेव, तू आधी उठला नव्हतास. माझा हातच लागला नव्हता. हे मी तिथे, सगळ्यांसमोर बोललो. फार उशिरा बोललो.

जय भीम, मित्रा.