सोळा लिफ्टर, सहा दिवस

चांदणी चौकाच्या चढावर गाडी बंद पडली, आणि नेमकी तेव्हाच मागच्या सीटवर सई धापा टाकत असली, तर? या एका प्रश्नावर मी सलग तीन रात्री जागून काढल्या. शेजारी निखिल, म्हणजे माझा नवरा, गाढ झोपलेला. त्याच्या मते गाडीचा तो टकटक आवाज 'नुसता टॅपेटचा' होता. 'नुसता' हा शब्द मला कधीच नीट वापरता आलेला नाही.

आमची सई चार वर्षांची आहे. थंडी पडली, त्यात आजूबाजूला भाताची मळणी आणि नव्या बिल्डिंगांची धूळ, की तिची छाती वाजायला लागते. तिच्या डॉक्टर कोथरूडला, आम्ही भुकूमला, आणि मध्ये आमची सेकंडहँड टर्बो डिझेल.

पिरंगुटच्या सलीमभाई मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली आणि निकाल दिला. "लिफ्टर गेलेत." लिफ्टर म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या व्हॉल्व्हना टेकू देणाऱ्या, आत तेल भरलेल्या छोट्या डब्या. तेल धरेनाशा झाल्या की वाजतात. आमच्या गाडीत त्या सोळा. सलीमभाईंकडे दहा दिवस नंबर लागणार नव्हता. निखिलने दोन संध्याकाळी व्हिडिओ पाहिले आणि म्हणाला, "मीच करतो. शनिवार-रविवारात होईल."

सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांचे किस्से मी मैत्रिणींना सुटेसुटे सांगत असते आणि दर वेळी आणखी एक निघतो. म्हणून यावेळी बसून लिहूनच काढते.

*

पहिला किस्सा गाडी उघडण्याच्या आधीचा.

सईची छाती वाजली की मी फोनवर रेकॉर्ड करते आणि डॉक्टरांना पाठवते. त्यांनीच सांगितलंय, कारण माझं वर्णन ऐकून त्यांना काही कळत नाही. त्या आठवड्यात मी गाडीचाही आवाज रेकॉर्ड करत होते. सकाळचा, संध्याकाळचा, एसी लावून, एसी बंद करून.

एका सकाळी सईला जरा खोकला होता. मी घाईघाईत क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, 'कालपेक्षा वाढलाय. थंडीत जास्त. चढावर तर फारच.'

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'हा आवाज छातीचा नाही. पण लवकर दाखवून घ्या.'

*

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दामले काका. तळमजल्यावर राहतात, त्यामुळे पार्किंगमध्ये झाकण जरी पडलं तरी त्यांना कळतं. शनिवारी सकाळी निखिलने बॉनेट उघडून नटबोल्ट वर्तमानपत्रावर मांडायला घेतले, तेवढ्यात काका नियमांची फाइल घेऊन आले.

खुर्ची मागवली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी वरून बघत होते. आता हे 'बंद करा' म्हणतील आणि अर्धी उघडलेली गाडी आम्ही कुठे ढकलत नेणार, या विचाराने माझी पोळी करपली.

पाऊण तासाने त्यांनी फाइल मिटली.

"पार्किंगमध्ये गाडी धुवायला मनाई आहे," काका म्हणाले. "उघडायला मनाई कुठेच नाही. चालू द्या. फक्त धुवू नका."

मग ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. सहा दिवस.

*

टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणारा पाइप काढला की तिथे एक भोक उघडं राहतं. त्यात साधा वॉशर जरी पडला तरी टर्बोची वाट लागते, असं निखिलने मला सहज सांगितलं. मला असं सहज सांगायचं नसतं, हे लग्नाला सात वर्षं झाली तरी त्याला कळलेलं नाही.

मी सईची जुनी झबली फाडून चार फडकी केली. एक टर्बोच्या तोंडात, बाकी तीन इकडेतिकडे. ऑपरेशन थिएटरमध्ये करतात तशी नोंद ठेवली: चार दिली, चार परत हवीत.

संध्याकाळी तीनच निघाली.

निखिल म्हणाला, "असेल कुठेतरी." मी म्हणाले, "कुठेतरी म्हणजे कुठे, तेच विचारतेय." टॉर्च आणला. पाइपात बोट घातलं, मग आरसा घातला. गाडीखाली आडवी झाले. निखिल आता खरंच घाबरलेला दिसत होता, आणि खरं सांगते, मला सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

दामले काका खुर्चीतून हे सगळं शांतपणे बघत होते. अधूनमधून चष्मा काढून पुसत होते. पिवळ्या फडक्याने. त्यावर हत्तीचं पिल्लू होतं.

*

लिफ्टर नवीन आणले होते, पण त्यांच्यावर बसणारे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, जुनेच वापरायचे होते. ते ज्या जागेवरून काढले त्याच जागी परत गेले पाहिजेत. निखिलने अंड्यांच्या पुठ्ठ्याचा ट्रे घेतला, खळग्याखळग्यात एकेक रॉकर ठेवला आणि कडेला पेनाने नंबर घातले. ट्रे कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि जेवायला वर आला.

आमच्या भिंतीपलीकडून हिराबाईंच्या शेळ्या रोज माळावर जातात.

खाली आलो तर एक शेळी भिंतीवर पुढचे पाय ठेवून उभी. ट्रेची कड गायब, म्हणजे नंबर गायब. रॉकर जागच्या जागी होते, पण ट्रे फिरलेला. आता पहिला कुठला आणि सोळावा कुठला?

निखिल डोक्याला हात लावून खाली बसला. मी फोन काढला. त्या ट्रेचे माझ्याकडे अकरा फोटो होते. पाच मिनिटांत ट्रे सरळ झाला.

पण हिराबाईंचा चेहरा उतरला होता. "अवो, त्या पुठ्ठ्याला त्याल व्हतं का?"

"होतं थोडं."

"मंग माज्या शेरडाला काय झालं म्हंजी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा आलं ते आलंच. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सकाळी परत गेले. दुपारी भिंतीपाशी उभी राहून विचारलं, "हिराबाई, शेळी कशी आहे?"

"ती बरी हाय," हिराबाई म्हणाल्या. "कालपास्नं तिसऱ्यांदा इचारताय. तुमी जेवलाय का न्हाई?"

*

हा किस्सा सांगताना मी हसते, पण तेव्हा हसले नव्हते.

बुधवारी संध्याकाळी पाचला सईला धाप लागली. नेब्युलायझर लावला तरी उतरेना. फ्रिजवर मी 'गाडी नसताना' अशी यादी चिकटवली होती, पाच नावं, क्रमाने. त्या यादीकडे न बघता मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'सईला धाप. गाडी हवी.'

तिला घेऊन खाली आले तर निखिल इंजिनापाशी उभा. हात कोपरापर्यंत काळे. त्याने तिला घ्यायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. त्याचा तो चेहरा मी कुणाला सांगत नाही.

गेटवर तीन गाड्या, दोन स्कूटर आणि पाण्याचा टँकर. टँकरवाला दार उघडून म्हणाला, "ताई, बसा. टाकी रिकामीच हाय, पळवतो."

आम्ही दामले काकांच्या गाडीत बसलो. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून चाळीसच्या वर जाईनात. मी घड्याळ लावून सईचे श्वास मोजत होते.

"मोजू नकोस," काका आरशात बघून म्हणाले. "मीही मोजतोय. दोघांचं जुळायचं नाही आणि तू आणखी घाबरशील."

चांदणी चौकाचा चढ काकांची गाडी काही न बोलता चढली.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा वाफ दिली, तासभर बसवून ठेवलं. सईने बिस्किट मागितलं तेव्हा कुठे मी घड्याळ बंद केलं. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "ही आता ठीक आहे. दुसऱ्या पेशंटचं काय झालं?"

*

गुरुवारी दुपारी लिफ्टर बसले, कॅमशाफ्ट बसला, झाकण लागलं. निखिल किल्ली घ्यायला वळला आणि स्पीकरवर लावलेल्या फोनवरून सलीमभाई ओरडले, "थांबा!"

नवे लिफ्टर तेलाने तुडुंब असतात. जास्तीचं तेल हळूहळू उतरू द्यायचं. तसंच इंजिन फिरवलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

"अर्धा तास किल्लीला हात लावायचा नाही," सलीमभाई म्हणाले. "साहेबांचा भरवसा नाही. ताई, किल्ली तुमी ठेवा."

मी ठेवली. निखिलला सापडणार नाही अशा जागी ठेवली. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "दे." आणि मला जागा आठवेना.

डाळीचे डबे, औषधांचा खण, सईचं दप्तर, देवघर. निखिल माझ्या मागोमाग तेच डबे पुन्हा उघडून बघत होता. दोन तासांनी किल्ली फ्रिजमध्ये सापडली, कोथिंबिरीच्या डब्यात.

मी सलीमभाईंना फोन करून कबूल केलं.

"चांगलंच की," ते म्हणाले. "लोकांना अर्धा तास दम निघत नाही."

*

आधी इंजिन चालू न करता नुसतं फिरवून टर्बोपर्यंत तेल पोचवलं. मग किल्ली मारली. असा खडखडाट सुरू झाला की काका खुर्चीसकट मागे सरकले. फोनवर सलीमभाई सांगत होते, "घाबरू नका, हवा निघतीय." एक मिनिट, दोन मिनिटं, चार. मग आवाज विरत गेला आणि नंतर नुसती घरघर उरली.

निखिल म्हणाला, "चला, एक चक्कर मारू."

आम्ही तिघं मुळशीकडे निघालो. एसी बंद, काचा वर, गाणी नाहीत. कुणी बोलायचं नाही असं मीच ठरवलं होतं, आवाज ऐकायचा म्हणून. पिरंगुटचा घाट गेला, पौड गेलं. दर वळणावर मी निखिलकडे बघायची आणि तो मान हलवायचा. नाही. काही नाही.

धरणाच्या पाण्यापाशी त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि पाय मोकळे करायला उतरला. इतकी शांतता मी त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. मी सईला मांडीवर घेतलं. ती माझ्या छातीवर डोकं टेकून पडून राहिली. श्वास तर नाही ना वाढला? मी वाकून बघितलं.

सईने तोंडावर बोट ठेवलं, काचेतून निखिलकडे एकदा बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, तुझ्या आत टकटक वाजतंय. बाबाला सांगू नकोस हं, तो उघडून बसेल."