निवडुंगाला तीर्थ

मला एका जागी बसवत नाही. चहाला उकळी येईपर्यंत मी दोनदा बाल्कनीत जाऊन येते. या स्वभावापायी आमच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये एकही झाड धड जगलं नाही. रोज माती उकर, रोज कुंडी हलव, झाडं तरी किती सोसणार? तगला तो एकटा निवडुंग, खांबासारखा सरळ वाढणारा. करंगळीएवढा आणला होता, बारा वर्षांत माझ्या डोक्यावर गेला. काट्यांमुळे माझा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच त्याचं नशीब.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. साड्यांच्या दोन पिशव्या आणि देवांचा डबा. देव आणलेत म्हणजे कायमची आली, हे मला कळलं आणि फार बरं वाटलं. पण बरं वाटलं म्हणून मी स्वस्थ थोडीच बसणार! तिचा पलंग पहिल्याच महिन्यात तीनदा हलवला. एकदा खिडकीशी, एकदा पंख्याखाली, एकदा पुन्हा खिडकीशी.

आठेक महिन्यांनी निवडुंग एका बाजूला कलल्यासारखा वाटला. कुंडीभोवती मुंग्यांची रांग होती आणि मातीला आंबूस वास येत होता. बुंध्याला पेन्सिल टेकवली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली.

"आई, याला पाणी घालतेस काय?"

"पाणी कशाला घालू? तीर्थ टाकते."

रोज देवांच्या आंघोळीचं पाणी, आणि सोमवारी पंचामृत. म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं त्या कुंडीत. माझ्या घरात तुळस नाही, ती मीच उकरून उकरून मारलेली.

"मग कुठं टाकायचं होतं? देवाचं पाणी नालीत टाकू काय?"

यात तिचं काही चुकलं नव्हतं. तरी मी तोंड सोडलं. बारा वर्षांचं झाड आठ महिन्यांत सडवलंस, असं तिला म्हणाले. तिचा चेहरा उतरला.

"मला नांदेडला नेऊन सोड. भावाकडं राहते तुझ्या."

दुसऱ्या कुणी हा राग ओसरू दिला असता. मी उभ्या उभ्या फोन काढला आणि तिकीट काढलं. सुट्ट्यांची गर्दी होती, चौथ्या रविवारचं मिळालं.

आमच्या जवळच्याच हिमायतनगरच्या नर्सरीवाल्याने फोटो पाहून मान हलवली. "नीचे का गया, अम्मा. ऊपर का काटके साये में सुखाव, फिर सूखी रेती में लगाव. पानी नक्को, हात नक्को. भूल जाव उसको."

भूल जाव! हे मला सांगत होता. मी शेंडा कापला, दोन आठवडे सावलीत सुकवला, कोरड्या रेतीत रोवला. आणि दुसऱ्याच दिवसापासून हाताला जुना टॉवेल गुंडाळून तो उचलून पाहू लागले. मुळं फुटली का? नाही. संध्याकाळी पुन्हा.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आई देवांना आंघोळ घालत नाही. ओल्या फडक्याने एकेक मूर्ती पुसते आणि परत ठेवते. पाणी उरायलाच नको म्हणून. मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. रविवार जवळ येत होता आणि तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

शनिवारी सकाळी मी शेंडा उचलून उन्हाकडे धरला होता. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"रोज उपटून बघतीस. मग ते मूळ कसं धरणार गं?"

मी तो रेतीत परत खोचला. टॉवेलमधून काटा बोटात गेला होता, ते बोट तोंडात धरून तिच्याकडे पाहिलं. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं.

"तिकीट रद्द करू काय?" मी विचारलं.

ती देवघराकडे वळली होती. तिथूनच म्हणाली, "काढताना विचारलं होतंस काय?"