टीव्ही बोलंना गेलाय

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही खोलून बसलो होतो. जळकोटहून त्यांच्या शेजारच्या अनसूयाबाई बोलत होत्या. "दादा, मामा उठंना गेलेत... तुम्ही या." नांदेडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या पहिल्या हाकेला धावतो मी. मामांच्या घरी मात्र चार महिने फिरकलो नव्हतो.

हा धंदाही त्यांचीच देणगी. दहावीला नापास झालो तेव्हा सगळे बोलले, मामांनी फक्त घरातला चालू रेडिओ माझ्यापुढं ठेवला. "खोल. बिघडला तर बिघडला." तो बिघडलाच, आणि त्यांनी पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

मामी गेल्या, त्यानंतर महिन्याभरात त्यांचा फोन आला. "माधवा, टीव्ही बोलंना गेलाय रं. चित्र दिसून राहिलंय, आवाज न्हाई." मी इथूनच उपाय सांगितले. म्यूट दाबलं गेलंय का बघा, मागच्या वायरी काढून परत लावा. मग दर रविवारी त्यांचा फोन आणि माझा नवा उपाय. येतो म्हणायचो, जायचो नाही. एका रविवारी ते म्हणाले, "इथं कुणीच बोलंना गेलंय, माधवा." दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "आवाजाचं बटण दाबून धरा, मामा." ते म्हणाले, "हाव." तेच आमचं शेवटचं बोलणं. ते टीव्हीबद्दल बोलत नव्हते, हे मला आता कळतंय, आणि कळून काही उपयोग नाही.

तेराव्यानंतर मी तो जुना डब्बा टीव्ही चालू करून समोर बसलो. दहा मिनिटांत दोष सापडला. मामींना कमी ऐकू यायचं म्हणून मीच त्यांना लांब वायरचा हेडफोन आणून दिला होता. त्या गेल्यावर मामांनी तो ओढून काढला असावा. पिनचं टोक तुटून आतच राहिलं होतं. असं झालं की टीव्हीला वाटतं, हेडफोन लावून कुणीतरी ऐकतंय, आणि तो बाहेरचा स्पीकर बंद ठेवतो. म्हणजे इतके दिवस तो मामींसाठीच बोलत होता.

चिमट्यानं ते टोक ओढलं आणि टीव्ही एवढ्या मोठ्यानं ओरडला की चिमटा हातातून पडला. पडद्यावर आकडा होता शंभर. मी सांगितलं तसं मामांनी बटण दाबून धरलं होतं, त्याच्यापुढं आकडाच नव्हता. अनसूयाबाई धावत दारात आल्या. "बंद करा, दादा. मला वाटलं मामाच आले." रिमोटला हात न लावता मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

टीव्ही आता नांदेडला माझ्या घरी आहे. बायको म्हणते, लावा की एकदा. लावला तर आवाज कमी करावा लागेल, आणि मामांनी शंभरावर नेऊन ठेवलेला आवाज कमी करायला माझा हात धजत नाही.