बिलावरचं नाव

नवऱ्याचं नाव विचारलं की मावशी विजेचं बिल पुढे सरकवायच्या आणि नावावर बोट ठेवायच्या. "हे काय, हितं लिवलंय. तूच वाच." नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. माझी आजी त्यातलीच, म्हणून मला नवल वाटलं नाही.

काळेवाडीत घरांवर सोलर बसवणाऱ्या एका एजन्सीत मी अनुदानाचे अर्ज भरतो, कर्जाचे हप्ते समजावून सांगतो. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. समोरच्याला सगळं नीट समजलं पाहिजे, याची मला फार काळजी असते.

मावशी कासारवाडीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन गेली, मग काकाही गेले, एक स्लॅबचं घर उरलं. मुलगी चाकणला सासरी. बिल वाढू नये म्हणून मावशी भर उन्हाळ्यात पंखा बंद करून दारात बसायच्या. सोलर बसवल्यावर शेजाऱ्यांचं बिल जवळपास शून्यावर आलं, ते पाहून त्या आमच्याकडे आल्या.

मी सांगितलं, आधी बँकेचं कर्ज, मग पॅनेल, मग अनुदान थेट खात्यात, उरलेलं हप्त्याने.

"म्हंजी हप्ता बिलापरीस कमीच बसंल की रं!"

माझं बोलणं संपायच्या आत त्यांना कळलं होतं. त्या खुशीत मी घाईने बोलून गेलो, "फक्त एवढंच, मयताच्या नावावर अनुदान मिळत नाही, मावशी. मृत्यूचा दाखला जोडून मीटर तुमच्या नावावर करू. एक सही लागेल."

त्यांनी बिलाची घडी घातली. "मग ऱ्हाऊ दे, बाबा."

नंतर मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. दर वेळी ताक द्यायच्या, माझ्या आईची चौकशी करायच्या आणि तेच म्हणायच्या. तिसऱ्यांदा मी चिडलोच. "अहो, फायदा तुमचाच आहे!"

"फायदा हाय, ते मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "म्हैन्याला बिलवाला येतो. फाटकातनं त्यांचं नाव मोठ्यांदा पुकारतो. मी हितनं 'हाय' म्हनते. सासू गेली, दीर गेले. आता त्यांना नावानं हाक मारनारं दुसरं कोन ऱ्हायलंय?"

"तुम्हीच मारा की."

"येडा हाईस का!" त्या पदर तोंडाला लावून मुलीसारख्या हसल्या. मी फाइल पुन्हा उघडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दिवस झाल्यावर त्यांची मुलगी ऑफिसात आली. पिशवीत दोन दाखले होते, वडिलांचा आणि आईचा. "आईच्या नावावर करायचं राहूनच गेलं. आता माझ्या नावावर करून द्या, दादा."

मी अर्ज भरायला घेतला. जुन्या ग्राहकाचं नाव, तिथे काकांचं लिहिलं. नव्या ग्राहकाचं नाव, तिथे मुलीचं.

"आणि आईचा दाखला?" तिने विचारलं.

तो मी मागे पिनने जोडला. मावशींचं नाव लिहायला त्या अर्जात रकानाच नव्हता.