जिना न उतरणाऱ्यांची यादी

तीन वर्षांपूर्वी जवळच्या तळ्याचं पाणी सर्जापूर रोडवरच्या आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात शिरलं, लिफ्ट बंद पडली आणि म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. तेव्हापासून दरवर्षी पावसाआधी मी आणि शेजारच्या अक्का दारोदार फिरतो आणि ज्यांना जिना उतरवत नाही त्यांची यादी करतो. अक्का विचारतात, मी लिहितो. तेच जिने, तीच दारं, तीच उत्तरं. लोक दार अर्धंच उघडतात आणि "आम्ही ठणठणीत आहोत" म्हणतात. मागे वॉकर दिसत असतो. अशा वेळी माझं डोकं फिरतं. गळ्यापर्यंत पाणी आलं तरी ह्यांची मिजास काही जात नाही.

यंदा लिफ्ट दुरुस्तीला निघाली होती. चार मजले चढून उतरताना माझा गुडघा वाकेनासा झाला आणि मी पायरीवरच बसलो.

"स्वल्प थांबा, थोडं बसू दे," मी म्हणालो.

अक्का शेजारी टेकल्या. त्यांनी माझ्या हातातली वही आणि पेन घेतलं.

"अहो, मी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

अक्कांनी मान वर न करता माझ्या घराचा नंबर लिहिला.