खंडेनवमीचं कुंकू

नाशिकच्या एका सेवाभावी संस्थेची डोंगरात दोन आरोग्यकेंद्रं होती, एक पेठच्या अंगाला आणि दुसरं सुरगाण्याकडे. तिकडे फोन नव्हते, म्हणून रेडिओवरून लेखी निरोप यायचे. रेडिओला जोडलेला एक डबा ते पकडायचा, बंद केला तरी पुसले जाणार नाहीत असे साठवायचा आणि वायरीतून पडद्यावर पाठवायचा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सातपूरची नोकरी सांभाळून मी ती यंत्रं बघायचो, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्याच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. ऑफिस सांभाळणाऱ्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. खंडेनवमीला बंद करून पुजलेलं यंत्र त्यांनी नुकतंच सुरू केलं होतं आणि पडद्यावर नुसता कचरा येत होता. चौकटी, टिंबं, कसलीही चिन्हं.

"इतके निरोप एकदम कधी येत नाहीत हो. नक्की कुणाला तरी साप चावलाय."

भातकापणीचे दिवस होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं वाटेना. सर्पदंशाची लस नाशिकहूनच जायची. जीप एकच होती, आणि लसीचा बर्फाचा डबा तिच्यात ठेवून ड्रायव्हर तयार होता.

"कुठं काढू गाडी? पेठला का सुरगाण्याला?" तो सारखा दारात येऊन विचारायचा. चुकीच्या घाटाने गेला तर दिवस वाया जाणार. इकडून विचारावं, तर आम्ही टाइप केलेलंही डब्याला कळत नव्हतं.

डब्याचा आणि पडद्याचा वेग जुळला नाही की असा कचरा येतो. मी पडद्याचे सगळे वेग लावून पाहिले. वायर बदलली. पडद्यामागच्या दोन पिना ताईंच्या सेफ्टी पिनेने जोडल्या, तर टाइप केलेलं जसंच्या तसं उमटलं. म्हणजे पडदा ठीक होता. दुपार झाली तेव्हा कुठे मी डबा उचलून उलटा फिरवला.

वेग ठरवणाऱ्या बारीक बटणांची रांग मागे होती. त्यातलं एकच वर असायला हवं, तिथे दोन होती. रांगेवर कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं आणि फटीत अक्षत अडकली होती. पुढच्या दिव्यांवर डाग नको म्हणून पूजा मागून केलेली!

डोक्यात तिडीक गेली. बटण खाली केलं, डबा बंद करून पुन्हा लावला आणि ताईंना काय काय सुनवायचं ते मनात जुळवू लागलो.

साठलेले निरोप ओळीने उमटले. निरोप सुरगाण्याकडचे होते. कापणीवरच्या बाईला घोणस चावली. लस संपली आहे. गाडी पाठवा. गाडी पाठवा. गाडी निघाली का? आणि शेवटचा, आता गाडी नको.

तो ताईंनी मोठ्याने वाचला आणि तोंडाला पदर लावला. ड्रायव्हर बर्फाचा डबा उतरवायला गेला. मला भयंकर राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

"काय बिघडलं होतं, भाऊ?" ताईंनी विचारलं.

"वायर," मी म्हणालो.

त्या बटणांवर मी चिकटपट्टी लावून टाकली. पुढच्या खंडेनवमीला ताईंनी प्रसादाला बोलावलं. पडद्याला, डब्याला हळदकुंकू लावून झालं. मग त्या वाकल्या, टेबलामागून वायर ओढून घेतली आणि तिला कुंकू लावून हात जोडले.

"गेल्या वर्षी तुला लावायचं राहिलं होतं गं बाई," त्या म्हणाल्या.